गोळी चुकायला नको

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला आणि पेनाच्या टोकाने तिसऱ्या ओळीवर टकटक केलं. "मावशींना बीपी, शुगर, फिट, काही जुनं असेल तर इथे लिहा मॅडम. उद्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टर बघतात." मेघाने मायच्या मांडीवरची कापडी पिशवी आपल्याकडे ओढली. धुळ्यातलं हे डोळ्यांचं हॉस्पिटल सकाळी साडेदहालाच भरून गेलेलं. पिशवीत आबांनी जपून ठेवलेले कागद होते. आबा, म्हणजे मेघाचे वडील, जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण मायने त्यांची फाईल कधी मोडली नाही, कुठे जायचं झालं की सगळीच उचलून आणायची. जुन्या घराच्या पावत्या, पोस्टाच्या नोकरीचे कागद, मेघाच्या धाकट्या बहिणीचा, रूपाचा, शाळेतून काढल्याचा दाखला. आणि त्यांच्यात, घडीवर विरलेली एक चिठ्ठी. चाळीसगावच्या कुणा डॉक्टरची, आता हयात नसलेल्या. सुंदरबाई चुडामण, म्हणजे माय, वय चौतीस. तारीख, एप्रिल एकोणीसशे सत्त्याऐंशी. खाली एकच औषध. सोडियम व्हॅल्प्रोएट, सकाळी एक, संध्याकाळी एक.

ओळखीचं माणूस भलत्याच गावच्या स्टँडवर दिसावं, तसं झालं तिला. आधी ओळख पटेना, आणि मग नको तेवढी पटली. औषधाचं हे नाव गेल्या सहा वर्षांत तिने किती वेळा लिहिलं असेल. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवर, वहीत, पीएचडीच्या प्रस्तावात, विद्यापीठाच्या माणसांसमोर फळ्यावर. रूपा पुढच्या मार्चमधली. मेघा बोटाच्या पेरांवर मागे मोजत गेली. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर. जूनला येऊन बोट थांबलं. एप्रिल त्याच्याही आधी होता. "मॅडम, लिहिलं का?" काउंटरवरची मुलगी म्हणाली. मेघाने लिहिलं, 'फिट्स पूर्वी होत्या, १९८७ नंतर नाहीत', आणि फॉर्म परत दिला. अक्षर नेहमीसारखंच आलं होतं.

मायच्या डोळ्यांत थेंब टाकून तिला बाकावर बसवून ठेवलं. बाहुली मोठी व्हायला तासभर लागणार होता. एका बाजूला माय डोळे मिटून, दुसऱ्या बाजूला रूपा. रूपा सदतीस वर्षांची. काल जळगावहून तिला बसने आणताना फार त्रास झाला नव्हता. तिला थांबे पाठ होते. आत्ताही ती पदराचं टोक नाकाशी धरून हळू आवाजात म्हणत होती, "पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, धुळे." परत पहिल्यापासून. ही यादी उलटी म्हणून दाखव म्हटलं तर ती कानांवर हात ठेवते, आणि म्हणून येताना ती हसत असते आणि परत जाताना रडते. जळगावला पिंप्राळ्यातल्या घरात ओटा नवा केला तेव्हा माठ दारामागून खिडकीजवळ नेला होता. रूपा त्यानंतर दोन वर्षं पेला घेऊन दारामागे जात राहिली. तिथे उभी राहायची, वाकायची, रिकाम्या जागेत पेला धरायची. माय म्हणायची, "बेटा, तठे नही, अठे," आणि हाताला धरून खिडकीशी न्यायची. दिवसातून सात-आठ वेळा. एकदाही मायचा आवाज चढला नाही.

मेघा धुळ्यातच, देवपूरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवत होती. आठवडाभर ती कॉलेजजवळच्या खोलीत राही आणि शनिवारी दुपारच्या बसने जळगावला जाई. तोवर माय आणि रूपा दोघीच. चाळिशी उलटल्यावर तिने पीएचडीला नाव घातलं तेव्हा विषय सुचायला वेळ लागला नव्हता. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध, आणि चांगलं औषध. कितीतरी माणसं त्याच्या जिवावर चुलीजवळ बसतात, गाडी चालवतात, नोकरी करतात. पण पोटुशी असताना ते घेतलं तर काही मुलांच्या मेंदूची घडण बदलू शकते. तेच उंदरांत पाहायचं. मादी गाभण राहिली की दिवस मोजायचे, बाराव्या दिवशी एक इंजेक्शन द्यायचं. पिलं होतात, जगतात, दूध पितात. काहींची शेपटी टोकाशी वाकडी असते. ती इतर पिलांत मिसळत नाहीत, एकाच कोपऱ्यात भुसा उकरत बसतात. मोठी झाली की त्यांना पाण्याच्या गोल टाकीत सोडायचं. पाण्यात दुधाची पूड घालून ते पांढरं केलेलं, आणि खाली न दिसणारा एक पाट. पोहता पोहता पाट सापडला की उंदीर त्यावर चढून श्वास घेतो. चार-पाच दिवसांत पाट कुठे आहे ते यांनाही कळतं, जरा उशिरा. मग पाट समोरच्या बाजूला हलवायचा. साधे उंदीर दोन दिवसांत नवी जागा शिकतात. ही मात्र जुन्या जागेभोवती फिरत राहतात, दमून बुडायला येईपर्यंत. काहींच्या कवटीवर केसाएवढ्या तारा बसवलेल्या, त्यांतून मेंदूची वीज पडद्यावर दिसते. नवीन काही शिकताना निरोगी उंदराच्या मेंदूत एक संथ, नेमकी लाट चालते. यांच्यात ती उठते आणि मध्येच विस्कटते. मेघा तासन्‌तास त्या रेघा बघत बसे. रूपाचं डोकं मांडीवर घेऊन तेल घालताना तिला कधीकधी त्या रेघा बोटांखाली जाणवल्यासारख्या वाटत, आणि मग ती तेल घालायचं थांबवून हात पुसून टाकी.

मग विचारलं का नाही? हा प्रश्न आता बाकावर तिच्याशेजारी येऊन बसला होता. मायला फिट यायच्या हे तिला ठाऊक होतं. गोळ्या चालू होत्या हेही ठाऊक होतं. औषधशास्त्र शिकवणाऱ्या बाईने सहा वर्षांत एकदाही विचारू नये, की माय, तुझी गोळी कोणती होती? तिच्या आठवणीत ती गोळी बारीक आणि पांढरी होती. बारीक पांढरी म्हणजे दुसरंच जुनं औषध, म्हणजे प्रश्न मिटला, असं तिने केव्हातरी ठरवून टाकलं होतं. आत्ता चिठ्ठी हातात असताना तिला लहानपणीचं भडगावचं घर आठवलं. फडताळातला पितळी डबा, त्यातली चंदेरी पट्टी, आणि पट्टीतून अंगठ्याने दाबून काढलेली गोळी. गुलाबी. नऊ वर्षांच्या मुलीच्या तळहातावर तिचा गुलाबी रंग उतरायचा, कारण हात ओला असायचा. ती तो चाटून बघायची. कशी विसरली होती ती हे? विसरली नव्हती. गोळी पांढरी करून ठेवली होती.

त्या वर्षी होळीच्या सुमारास माय भाकरी करता करता चुलीवर कोसळली होती. हात कोपरापर्यंत भाजला. आबा पोस्टमन, सकाळी सायकलवर निघायचे ते चार गावं करून दिवेलागणीला परतायचे. चाळीसगावहून गोळ्या आणल्या त्या दिवशी त्यांनी मेघाला अंगणात बोलावलं आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलले. "मेघा, तू आते मोठी व्हयनी. तुनी माय इसरी जास. सकाय संध्याकाय तू गोयी देवानी. मायनी गोयी चुकाले नको." आणि मेघाने ती चुकू दिली नाही. शाळेत निघण्याआधी एक, संध्याकाळी दिवा लावल्यावर एक. पाण्याचा तांब्या, गुळाचा खडा आणि गोळी. मायला कधी मळमळायचं, ती म्हणायची, "आज ऱ्हाऊ दे माय, उलटी व्हई." मेघा समोर कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. दाराच्या चौकटीवर खडूने रोज दोन रेघा ओढायची. महिन्याच्या साठ रेघा. आबा आल्यावर त्या मोजायचे आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. आयुष्यात त्यानंतर तिला कुणी इतकं मनापासून शाबास म्हटलं नसेल. पुढे मायला दिवस गेले तेव्हाही रेघा चालूच राहिल्या. कुणी थांब म्हटलं नाही. म्हणणार तरी कोण? तेव्हा कुणाला ठाऊक होतं? हे सगळं ती स्वतःला नीट समजावून सांगू शकत होती, वर्गात समजावून सांगते तसं. एका माणसाबद्दल असं म्हणताच येत नाही. गोळी घेतलेल्या कितीतरी आयांची मुलं धडधाकट असतात, न घेतलेल्यांची रूपासारखी असतात. हजारांचा हिशेब एकीला लावता येत नाही. वर्गातली मुलं हे वाक्य उतरवून घेतात. तिला स्वतःला ते उतरत नव्हतं.

"पाळधी," रूपा म्हणाली.

"काय इचार करी राहिनी?" मायने डोळे न उघडता विचारलं. "काही नाही," मेघा म्हणाली.

दुपारी दोघींना खोलीवर सोडून, वरणभात वाढून ती कॉलेजात गेली. जावंच लागणार होतं. सहा माद्यांचा आज बारावा दिवस होता. उद्या तेरावा, आणि तेराव्याला दिलेलं इंजेक्शन हिशेबात धरता येत नाही. प्राणिगृहाचं दार उघडताच नेहमीचा ओला, आंबूस वास आला. रोहिदास वाट बघत होता. पन्नाशीचा, सडपातळ माणूस, मूळचा शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याचा. बायको दगडीबाई, मुलगा आणि सून तिकडेच कोरडवाहू शेतीवर, हा इकडे कॉलेजात बावीस वर्षं. उंदीर त्याच्या हातात शांत राहत. "मॅडम, आज बारावा ना? सहाच्या सहा तयार, दोनजीवाच्या," तो म्हणाला आणि पहिलीला मानेमागे चिमटीत धरून, पोट वर करून पुढे केलं. मेघाने औषध भरलं. सुईतली हवा काढली. एक. दोन. तिला वाटलं होतं हात थरथरेल. कदाचित ती मनातून तशी वाटही बघत होती. हात थरथरला असता तर बरं झालं असतं. थरथरला नाही. तीन, चार, पाच. प्रत्येक मादी टोचताना एकदा ताठ व्हायची आणि मग रोहिदासच्या तळव्यात सैल पडायची. सहावी झाल्यावर तिने वहीत वेळ लिहिली, दोन चाळीस, आणि स्टुलावर बसली. इतकी सवय झालेला हात आपलाच आहे हे तिला बघवत नव्हतं. तिने तो ॲप्रनच्या खिशात घातला.

"रोहिदासभाऊ," ती म्हणाली, "हे औषध कशाचं आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

तो पिंजऱ्यांना पाणी लावत होता. "काहीतरी विष असेल. पिलं वाकडी निघतात म्हणून."

"फिटचं आहे. माणसांचं."

पाण्याची बाटली अर्धवट बसवून तो तसाच उभा राहिला. सहा वर्षं या माणसाने तिच्यासाठी उंदीर धरले होते. कुणी त्याला सांगितलं नव्हतं, तिनेही नाही. त्याने विचारलं नाही म्हणून नाही, सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही म्हणून. "माणसांचं," तो म्हणाला. मग हात पुसत, तिच्याकडे न बघता, "आमच्या रोशनीले बी फिटची गोळी शे. सुनेला. माहेरी असतानापासून चालू शे. वैशाखात लग्न झालं."

मेघा उठून उभी राहिली. "कोणती गोळी?" त्याला नाव ठाऊक नव्हतं. त्याने घरी फोन लावला. दगडीबाईंना कळेना की उंदरांच्या मॅडमला सुनेच्या गोळीशी काय करायचंय. त्या मोठ्याने बोलत होत्या, मेघाला सगळं ऐकू येत होतं. शेवटी सुनेनेच पट्टीचा फोटो काढून पाठवला. रोहिदासच्या फोनची काच तडकलेली, त्यावर चंदेरी पट्टी, वर मेहंदीचा रंग गेलेला एक अंगठा, आणि छापलेलं नाव. मेघाने ते दोनदा वाचलं. "तेच आहे," ती म्हणाली.

"मग बंद करायला सांगू का? आत्ताच सांगतो."

"नाही!" तिचा आवाज इतका चढला की पिंजऱ्यांतली खसखस थांबली. "बंद करायची नाही. एकदम बंद केली तर फिट येईल, पडेल, जिवावर बेतेल. दिवस गेले असतील तर दोघांच्याही. उद्या सकाळी तिला इकडे आणा. मेंदूच्या डॉक्टरांकडे मी घेऊन जाते, ते बदलून देतील. तोपर्यंत रोजच्यासारखी द्यायची. गोळी चुकायला नको." हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि तिने टेबलाची कड धरली. रोहिदास फोनमध्ये बायकोला तेच सांगत होता, "गोयी चुकाले नको म्हनतात मॅडम, समजनं का? चुकाले नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मायचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटांचं काम. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून तिला बाहेर आणलं तेव्हा ती नर्सला विचारत होती, जेवायला कधी द्याल. तिला आणि रूपाला रिक्षाने खोलीवर पोचवून मेघा मेंदूच्या डॉक्टरांकडे निघाली. रोशनी साडेअकराला सासऱ्यांबरोबर आली. वीस-एकवीस वर्षांची, बारावी झालेली, बोलकी. पहाटेच्या बसने आली होती आणि शिरपूरपर्यंत उभी होती. तपासणीत कळलं की दिवस गेलेत. दीड महिना असेल. तिला स्वतःला संशय होता, पण सासूला सांगायचं राहिलं होतं. डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी गोळी हळूहळू कमी करून दुसरी चालू करायचा कागद लिहून दिला, कधी काय तपासायचं ते सांगितलं, आणि रोशनीच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "खात्री मी देत नाही. पण आत्ता कळलं हे चांगलं झालं. पुष्कळ बाळं नीट असतात." मेघाला वाटलं, आपल्याला इतकं साधं बोलता येत नाही.

जिना उतरताना रोशनी कठड्याला धरून थांबली. "मॅडम, तुमच्या उंदरांची पिलं जगतात ना?"

"जगतात."

"मग काय होतं त्यांना?"

मेघाने तिला टाकीचं सांगितलं, पाटाचं सांगितलं. पाट हलवला तरी ती जुन्या जागी शोधत राहतात, हे सांगितलं. रोशनी लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "तर मग तुम्ही पाट हलवता कशाला?"

रोहिदास मान वळवून खाली बघू लागला. सून मॅडमशी असं बोलते याची त्याला लाज वाटली असावी. मेघाकडे उत्तर होतं. शिकणं मोजायचं तर बदल करावा लागतो. बदलाशिवाय काही दिसत नाही. ते तिने कितीतरी वेळा दिलेलं उत्तर होतं. "बघायला," ती म्हणाली. रोशनीने मान हलवली, समजल्यासारखी नाही, ठीक आहे म्हटल्यासारखी, आणि नव्या गोळीचा कागद ब्लाउजमध्ये खोचून जिना उतरली. स्टँडवर त्यांना बसवून देताना मेघाने तिचा नंबर घेतला. रोज एक फोन करायचा, असं दोघींचं ठरलं. रोहिदास सुनेबरोबर गावी चालला होता. दोन दिवसांची रजा मेघाने त्याच्या वतीने लिहून दिली. बस हलताना त्याने खिडकीतून हात जोडले. ते तिला सहन झालं नाही, आणि ती पाठ फिरवून उगाच पाण्याची बाटली विकत घ्यायला गेली.

खोलीवर आली तेव्हा साडेपाच वाजले होते. गच्चीच्या दारातून ऊन फरशीवर आलं होतं आणि रूपा त्यात बसून शेंगा फोडत होती, दाणे एकीकडे, टरफलं दुसरीकडे. माय खाटेवर भिंतीला टेकून. मेघाने चप्पल काढली आणि तशीच, हातपाय न धुता, खाटेच्या कडेला बसली. सांगावं की सांगू नये हे ती दोन दिवस घोळवत होती, असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात तिने तेवढा विचार केलेलाच नव्हता. नुसती थकली होती. सदतीस वर्षांत मायने रूपाबद्दल कुणाकुणाचं काय ऐकून घेतलं होतं. सासूने म्हटलं होतं, हिच्या पोटातच खोट. नणंदा म्हणाल्या, हिनं काही खाल्लं असेल, हिचा पाय कुठं पडला असेल. मेघाच्या लग्नाचं बोलायला आलेले दोन घरचे लोक रूपाला बघून चहा अर्धा टाकून गेले, तेव्हाही चूक मायचीच ठरली. माय एकदाही उलटून बोलली नाही. मेघाला वाटलं, निदान हे तरी तिला कळावं. तिने काही केलं नव्हतं. तिच्या पायात, पोटात, नजरेत काही नव्हतं. एक गोळी होती.

"माय, तुला फिटची गोळी होती ना, रूपाच्या वेळी. चाळीसगावची."

"व्हती."

"मी उंदरांना तीच देते. तेच औषध." मेघा फरशीकडे बघत सांगत राहिली, जमेल तितकं सोपं करून. पोटुशी बाईने घेतली तर बाळाच्या डोक्यावर परिणाम होऊ शकतो. होतोच असं नाही. रूपाचं त्यानेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण होऊ शकतं. तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. "तुझी चूक नव्हती माय. कधीच नव्हती. लोक काय वाट्टेल ते बोलले."

रूपाच्या हातातली शेंग कटकन फुटत होती, मग दुसरी. मायचा उघडा डोळा मेघाच्या तोंडावर फिरत होता. तो दुसराही येत्या महिन्यात करायचा होता, त्यातून तिला मेघा धुरकटच दिसत असणार. "रोज गोयी कोन दे माले?" तिने विचारलं. विचारलं म्हणजे, आठवून बघितल्यासारखं, स्वतःशी.

"मी," मेघा म्हणाली. "मीच द्यायची."

"तू नऊ वरीसनी व्हती."

"हो."

मायने मान भिंतीला टेकवली. खाली रस्त्यावरून शाळेची मुलं ओरडत गेली. मग ती सरळ बसली, पदर नीट केला, आणि बाजारात भाव सांगावा तशा कोरड्या, ठाम आवाजात म्हणाली, "मी त्या गोया गिळ्याच नहीत कधी."

मेघाने वर बघितलं.

"कडू लागेत माले. तू समोर उभी ऱ्हाये म्हनून तोंडमा धरू. तू शायमा गयी का मोरीमा थुकी दिऊ. संध्याकाये बी तसंच. बठ्ठ्या मोरीमा गयात त्या. एक बी पोटमा गयी नही."

"माय—"

"तुले काय माहीत? तू पोर व्हती. तुन्हा बापले बी सांगं नही मी, तो वरडता." तिचा आवाज जरा कापला आणि तिने तो सावरला. "तेव्हा ते उंदरांचं उंदरांना. आपला काही संबंध नही."

मेघा तिच्याकडे बघत राहिली. गुलाबी गोळीवर साखरेचं कवच असायचं, ती कडू नव्हतीच; हे चाटून बघितलेल्या जिभेला पक्कं ठाऊक होतं. आणि गोळी पोटात गेली नसती तर फिट आल्या असत्या. त्या होळीनंतर मायला एकही फिट आली नव्हती. काल स्वतःच्या हाताने तिने तसं लिहून दिलं होतं. दोन ओळींत खोडता येईल असं होतं हे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही खोडलं असतं. बहात्तर वर्षांची बाई, एका डोळ्यावर पट्टी, आयुष्यात कधी खोटं धड बोलता न आलेली, ताठ बसून वाट बघत होती. मायच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याची जुनी, चकाकती कातडी होती आणि तो हात तिने पदराखाली घेतला होता.

"बरं," मेघा म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं."

"आते ठाऊक व्हयनं ना. मंग लिखी ठेव." मायने बोटाने हवेत रेघ ओढली. "तुन्ही ती वही शे ना, उंदरांनी, जीमा तू बठ्ठं लिखस. तिमा लिखी ठेव, का सुंदरबाईनी गोया खाद्याच नहीत. म्हंजे पुढे कोनले शंका नको."

"लिहिते."

माय आडवी झाली, पट्टीवर वजन येणार नाही अशी डाव्या कुशीवर, मेघाकडे पाठ करून. थोड्या वेळाने, झोपली असेल असं वाटत असताना, तिने विचारलं, "लिखं का?"

"लिहिलं," मेघा म्हणाली. वही कॉलेजात, कपाटात होती.